कळलावीचे वकील

घर भाड्यानं देण्याआधी घरमालक काय काय विचारतात, हे तोवर आम्हा दोघांना पाठ झालं होतं. नोकरी कुठे, माणसं किती, खाणं कसलं, पाहुण्यारावळ्यांचा राबता आहे का. सक्करदऱ्यातल्या त्या घराच्या मालकांनी यातलं एक अक्षरही विचारलं नाही. वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आम्हाला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघं भांडता का?"

माझा नवरा बँकेत. गिऱ्हाइकापुढे गोड बोलायची सवय. तो लगेच म्हणाला, छे, अजिबात नाही.

"लग्न होऊन किती दिवस झाले?"

दुसरं वर्ष चालू आहे, असं त्यानं सांगितलं.

"मंग तुम्ही खोटं बोलून राहिले," ते शांतपणे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मी खरं ते सांगितलं. भांडतो. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून, उन्हाळ्यात रोज. ते समाधानानं मागे टेकले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का वं, हे आधीपासूनच भांडतात. रेकॉर्डवर आलं." आतून बाईमाणसाचा आवाज आला, की मग द्या आता किल्ली, उन्हाचं उभं नका करू त्यांना.

रेकॉर्डवर घेण्याचं कारण आम्हाला फाटकाशी गेल्यावर कळलं. जाळीच्या फाटकावरून एक वेल चढली होती आणि तिला फुलं लागली होती. तशी फुलं मी जन्मात इतक्या जवळून पाहिली नव्हती. प्रत्येक फुलाचं तोंड जमिनीकडे, पण सहाच्या सहा पाकळ्या उलट्या फिरून वर गेलेल्या, कडा लाटेसारख्या मुरडलेल्या. तळाशी पिवळ्या, टोकाशी लाल. चुलीतली ज्योत हात लावून थांबवावी तशी. मी हात पुढे केला, तर मागून आवाज आला, "हात लावायचा नाही. विषारी हाये थे. कंद, पान, बी, सगळंच." मग जरा थांबून म्हणाले, "कळलावी म्हणतात हिले. मागचे दोन्ही भाडेकरू हिच्यावर आळ घालून गेले. म्हणून विचारलं."

ते दिवाणी वकील होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी कोर्टात जाणं सोडलं होतं, पण काळा कोट दिवाणखान्यातल्या खुंटीवर होता आणि दर दसऱ्याला त्याला ऊन दाखवलं जाई. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणू लागलो, त्यांच्या बायकोला काकू. जिल्हा कोर्टात उभी हयात गेली तरी त्यांची बोली बदलली नव्हती. न्यायाधीशांपुढे शुद्ध मराठी आणि इंग्रजी, कोर्टाच्या पायरीवरून उतरले की "काहून गा, कुठं चालला?" ते म्हणत, माझी भाषा म्हणजे माझ्या घराची चप्पल आहे, ती मी देवळाबाहेर काढतो, हरवत नाही.

माझं सासर महालातलं. भोसल्यांच्या काळात कधीतरी कारकुनीसाठी येऊन राहिलेलं घराणं. तिथल्या दोन खोल्यांत आता तीन बिऱ्हाडं झाली होती, म्हणून आम्ही बाहेर पडलो होतो. सासूबाई नवं घर पाहायला आल्या आणि फाटकातच थबकल्या. त्यांना फूल ओळखता आलं. घराशी कळलावी लावली की घरात भांडणं लागतात, हे त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलं होतं. आत न येताच परत निघाल्या. वकीलकाका उठून फाटकापर्यंत गेले, हात जोडले आणि म्हणाले की माझ्या पक्षकाराला एकदा ऐकून तरी घ्या. सासूबाईंना हसू आलं, आणि हसू आल्यावर त्यांना चहाला थांबावंच लागलं.

पक्षकार हा त्यांचा शब्द. गंमत म्हणून ते बोलत नसत. या फुलावर आजवर खटला चालला, निकाल लागला, शिक्षाही झाली, पण तिच्या बाजूनं वकीलच उभा राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते उभे राहिले. त्यांची बाजू मी इतक्यांदा ऐकली आहे की मलाही ती मांडता येईल.

ही वेल आपल्याकडे वाढते कुठे? धुऱ्यावर. म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर. तिथे नांगर जात नाही, म्हणून बोरी-बाभळीच्या झुडपांत तिचा कंद सुखानं राहतो. आणि आपल्या मुलखात भाऊ भाऊ भांडतात कशावरून? धुऱ्यावरून. त्यानं माझ्याकडे दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, सरकवले, यानं चार कोरले. मग मोजणी, मग काठ्या, मग कोर्ट. हे सगळं होतं भर पावसाळ्यात, पेरणी ते पोळ्याच्या दरम्यान, आणि नेमकी तेव्हाच ती धुऱ्यावर फुलून उभी असते. भांडणाऱ्यांना आपली चूक दिसत नाही, समोरचं फूल दिसतं. "भांडण धुऱ्याचं, नाव फुलाचं," ते म्हणत. "उभ्या जिंदगीत मी धुऱ्याच्याच केसेस लढलो. एका बी केसमध्ये ही साक्षीले सुद्धा नव्हती."

कधी कुणी नावावरूनच वाद घातला, तर ते विचारत, कळ म्हणजे भांडणच, हे कोणी ठरवलं? बाळंतपणात येते ती पण कळच. पूर्वीच्या सुइणी अडलेल्या बाईच्या अंगाला हिचा कंद उगाळून लावत, कळा याव्यात म्हणून. हे सांगून झालं की लगेच पुढचं वाक्य येई, की असलं आता कोणीही करू नये, हे विष आहे. विषाच्या बाबतीत त्यांनी आपल्या पक्षकारासाठी कधी रदबदली केली नाही. वेलीच्या कामाला वेगळे हातमोजे होते, ते स्वयंपाकघरापासून लांब, मोरीच्या खिळ्याला. शेंगा तडकून आतल्या लाल बिया दिसायच्या आधीच ते त्या कापून घेत. लहान मूल असलेल्या पाहुण्याला पाणी विचारण्याआधी ते विषाचं सांगत.

दिवाळी झाली की वेल पिवळी पडून वाळून जाई. मग थंडी आणि सबंध उन्हाळा त्या जागी काहीच नसे. चार विटांनी आखलेली रिकामी जमीन. तिथे कोणी पाय ठेवायचा नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत, पाणी तर मुळीच घालायचं नाही. मे महिन्यात सगळं नागपूर भाजून निघत असताना, कूलरचा घरघराट चालू असताना, ते संध्याकाळी त्या रिकाम्या जागेसमोर खुर्ची टाकून बसत. मी एकदा विचारलं, की काका, तिथे तर काही नाही, मग बसता कशासाठी? ते म्हणाले, "नाही कशी? सुट्टीवर हाये. कोर्टाले नाही का उन्हाळ्याची सुट्टी?"

जूनमध्ये पहिला कोंब दिसे तो विटांच्या बाहेर. दर वर्षी बाहेर. मला वाटायचं की काका विटा चुकीच्या जागी मांडतात. मग त्यांनी समजावलं. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा दोन टोकांचा असतो. जुना कंद झिजून जातो आणि नवे त्याच्या टोकाशी तयार होतात, म्हणून ती दर वर्षी वीतभर पुढे सरकते. ती एका जागी राहत नाही, चालते. ते विटा उचलून पुन्हा तिच्याभोवती मांडत आणि म्हणत की अतिक्रमण आहे, पण नियमित करून घेतलं. पानांच्या टोकांचा त्यांना फार अभिमान होता. प्रत्येक पानाचं टोक लांब होऊन सुतळीसारखं वळतं आणि जवळ जे सापडेल ते धरून वेल वर चढते. "हिले हात देवानं देल्ले नाही," ते म्हणायचे, "तर हिनं पानाचेच हात करून घेतले. कोणाची वाट नाही पाह्यली."

एकदा पावसाळ्यात शहरात फुलांचं प्रदर्शन होतं. काकांनी आदल्याच वर्षी एक कंद कुंडीत लावून ठेवला होता. माझा नवरा आणि ते रिक्षात कुंडी मांडीवर घेऊन गेले. गुलाब, जरबेरा, ऑर्किड यांच्या रांगेत हिला कुठे ठेवायचं ते संयोजकांना कळेना. परीक्षक बाई मात्र येऊन खिळून उभ्या राहिल्या. कुठून मागवली ही लिली, हॉलंडहून का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, नाही, पारशिवनीहून, आमच्या गावाकडून. बाईंना तो विनोद वाटला. नाव ऐकल्यावर मात्र त्यांच्याबरोबरच्या संयोजक बाई दोन पावलं मागे सरल्या आणि कुंडी हळूच दाराबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी गेली. काका दिवसभर तिथेच, चपलांजवळ, कुंडीशेजारी उभे राहिले. येणारा प्रत्येक माणूस चपला काढायला वाकत होता, वाकला की त्याला फूल दिसत होतं, आणि दिसलं की तो विचारत होता. संध्याकाळी घरी आले ते बक्षीस मिळाल्यासारखे. आतल्यापेक्षा बाहेरच गर्दी जास्त होती, हे त्यांनी काकूंना तीन वेळा सांगितलं.

काकू या सगळ्याकडे समजूतदारपणे पाहत. त्या मितभाषी होत्या. मी एकदा विचारलं, की काकू, तुमचं नि काकांचं भांडण होतं का हो? त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "भांडणाले दोघं बोलाव लागतात वं बाई. इथं एकच बोलते."

पण एक गोष्ट त्या घरात कोणी बोलत नसे, आणि ती मला पुष्कळ उशिरा कळली.

समोरच्या घरात एक गृहस्थ राहत. बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं त्यांचं. माणूस वाईट नव्हता; काकू रामदासपेठेतल्या दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांनीच आपली गाडी घेऊन चकरा मारल्या होत्या. त्या वर्षी त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. साक्षगंध झालेलं, पत्रिका छापायला गेलेल्या. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही. कारण नसलं की माणूस शोधतो. वस्तीच्या मोबाइलवरच्या ग्रुपात कोणीतरी एक संदेश फिरवला, की कळलावीचं तोंड ज्या घराकडे, त्या घरातलं शुभकार्य मोडतं. फाटकावरची वेल त्यांच्या दारासमोरच होती, हे खरं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते. गावातली सगळी इडापिडा त्या पुतळ्याच्या डोक्यावर घालून तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. त्या सकाळी ते शेजारी आणि गल्लीतले पाच-सहाजण फाटकाशी आले. मारबतीबरोबर ही वेलही जाऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. सभ्यपणे बोलत होते. हातात कुदळ होती, तरीही.

वकीलकाका पायरीवर उभे राहिले. मी आणि काकू मागे. अशा प्रसंगाची त्यांनी किती वर्षं तयारी केली असेल, असं त्यांचं बोलणं ऐकून मला वाटलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "दोन आरोप हायेत. पहिला, हिच्या आंगात विष हाये. थो मान्य. तुमचे लेकरं इथून येतात-जातात, मी उद्याच आतून बाहेरून जाळी लावतो, फाटकावरून काढतो हिले. दुसरा आरोप, हिच्यानं घरं मोडतात. थो नामंजूर. मले एक घर दाखवा या गल्लीत, जिथं भांडण नाही झालं. अन् मंग मले दाखवा, भांडण झालेल्या घराईच्या दारात कळलावी कोठी होती."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुदळवाल्यानं कुदळ खाली टेकवली. मला वाटलं, जिंकले काका.

मग शेजारी बोलले. पोरीच्या काळजीनं खंगलेला माणूस होता तो. "वकीलसाहेब, तुमचा सख्खा भाऊ पारशिवनीले राह्यते. ही वेल तुमच्याच वावराच्या धुऱ्यावरची हाये, तुम्हीच सांगता. किती वर्षं झाले तुम्ही भावाशी बोलले नाही? हे बी सांगा ना सगळ्याईले."

उलटतपासणीत पक्षकाराऐवजी वकिलालाच पकडावं, तसं झालं. वकीलकाका पायरीवरून मागे वळले आणि आत गेले. लोकही पांगले. कोणाला जिंकल्यासारखं वाटलं नसावं, कारण वेलीला कोणी हात लावला नाही.

त्या दुपारी काकूंनी मला सांगितलं. वडील गेल्यावर दोघा भावांत वावर वाटलं गेलं. मधून धुरा पडला. धाकट्याला वाटलं, धुरा आपल्या बाजूला सरकला आहे. त्यानं मोजणीचा अर्ज केला आणि मोठ्या भावाला नोटीस आली. जन्मभर दुसऱ्यांच्या धुऱ्याच्या नोटिसा हाताळलेला माणूस, पण ती उघडून त्यानं कपाटात ठेवून दिली. सख्ख्या भावासमोर मी वकील म्हणून उभा राहणार नाही, एवढंच म्हणाला. मोजणीला गेला नाही. पुढे गावालाही गेला नाही. त्याच्या वाट्याचं वावर दुसरा माणूस ठोक्यानं, ठरलेल्या रकमेवर, वाहतो. धाकट्यानं रागाच्या भरात धुऱ्यावरची झुडपं पेटवून दिली, दर उन्हाळ्यात पेटवतो, वर तणनाशक मारतो. नोटीस येण्याच्या अगोदरच्या पावसाळ्यात काकांनी गंमत म्हणून तिथला एक कंद आणून फाटकाशी लावला होता. तोच हा. "म्हणून तिच्यासाठी एवढा भांडते थो," काकू म्हणाल्या, "जिथं भांडाचं होतं तिथं भांडला नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी जाळी लावून घेतली, कबूल केल्याप्रमाणे. वेल फाटकावरून सोडवून आतल्या बाजूला बांधली. मग आठवडाभर खुर्ची अंगणात असे, ते खुर्चीत नसत. एका रविवारी सकाळी, आम्ही तर्री-पोहे आणून खात होतो, तर ते जिना चढून वर आमच्या मजल्यावर आले. त्यांचा गुडघा दुखायचा, ते वर कधी येत नसत. अंगावर काळा कोट. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "गाडी काढतो का गा? पारशिवनीले जाऊन येऊ."

काकू खाली तयारच बसल्या होत्या.

वाटेत, कन्हानचा पूल ओलांडल्यावर, काकूंनी त्यांना कोट काढायला लावला. भावाकडे चाललो आहे, कोर्टात नाही, एवढं म्हणाल्या. त्यांनी तो काढून मांडीवर घेतला. गावाबाहेर, वावराच्या कडेला गाडी थांबली. धान हिरवं झालेलं, पलीकडे कपाशी. आणि मधे धुरा.

मी तो कधी विसरणार नाही. काळवंडलेली बाभळीची खोडं, जळक्या बोरीचे बुंधे, आणि त्या सगळ्या काळ्यावर कळलावी चढलेली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दर वर्षी जाळलेली, औषध मारलेली, आणि जमिनीखालून दर वर्षी परत वर आलेली. आमच्या फाटकावर एकच वेल होती. इथे मोजायला सुरुवात करावी आणि सोडून द्यावी, एवढ्या. वकीलकाका गाडीच्या दाराला धरून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा असा झाला, की लेक परीक्षेत पहिली आल्याचं कळलेल्या बापाचा होतो ना, तसा.

धाकटे भाऊ बांधावरूनच येताना दिसले. अंगात बंडी, हातात विळा. चेहरा अगदी काकांचा, फक्त उन्हात तापलेला. ते काही अंतरावर थांबले. काकूंना म्हणाले, "या वहिनी."

काका घसा खाकरून बोलू लागले. त्यांनी वाटेत ते घोकलं असणार. धुरा माझ्या वावरात धर. जेवढा म्हणशील तेवढा मी मागे सरकतो, लिहून देतो. फक्त एक कर, धुरा जाळू नको.

धाकट्या भावानं विळा जमिनीत रोवला.

"मले तुयं वावर नाही पाह्यजे," ते म्हणाले. "मोजणीच्या दिवशी मी तुयी वाट पाह्यली. वाटलं, येईन, तोंडावर बोलन, भांडन, मंग मी बी बोलीन. तू आलाच नाही. वकील म्हणून नोटिशीले उत्तर नाही देल्लं, अन् भाऊ म्हणून दोन शिव्या बी नाही देल्ल्या. मी का तुया पक्षकार होतो, का विरुद्ध पार्टी होतो, का कोणीच नव्हतो?"

काका म्हणाले की मी तुझ्याविरुद्ध उभा राहिलो नाही, ते तुझ्यासाठीच. धाकटे म्हणाले की ते तुझ्या मोठेपणासाठी, माझ्यासाठी नाही. मग काका चिडले. खरंच चिडले. मी त्यांना कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. नोटीस पाठवताना भाऊ आठवला नाही का, सरळ गाडीत बसून आला असतास तर मी तुला दहा तास सोडले नसते का, असं ते ओरडले. धाकटे ओरडले की तू बोलावलंस कधी. मग आईचं आजारपण निघालं, विहिरीचं पाणी निघालं, कोणाच्या तरी लग्नात कोणाला तरी पंगतीत मागे बसवल्याचं निघालं. पलीकडच्या वावरात निंदणाऱ्या बाया हात थांबवून पाहत राहिल्या. माझा नवरा घाबरून पुढे होऊ लागला, तर काकूंनी त्याच्या दंडाला धरलं. "होऊ दे," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होत्या. "किती वर्षांचं थांबलं होतं थे."

भांडण संपलं म्हणजे दोघं थकले. धाकटे बांधावर बसले, मग काकाही त्यांच्याशेजारी बसले, गुडघा धरून. मग धाकट्यांनी एका फुलाकडे विळ्यानं दाखवत विचारलं, "हिच्यातलं विष कशात असते जास्त? कंदात का बियात?" आणि वकीलकाका सांगू लागले.

जेवूनच निघायचं, असं धाकट्यांच्या बायकोनं बजावलं. वांग्याची भाजी आणि भाकरी, वर ठेचा. परतताना काकांनी कोट मागच्या सीटवर टाकला आणि माझ्या नवऱ्याला पारशिवनीपासून घरापर्यंत सगळ्या रस्त्याचा इतिहास सांगितला.

सक्करदऱ्याला उतरल्यावर ते घरात शिरण्याआधी समोर गेले. शेजाऱ्यांनी दार उघडलं. काकांनी एवढंच सांगितलं की तुमचा प्रश्न बरोबर होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते आज आणलं. शेजाऱ्यांनी त्यांना बसवून चहा पाजला. कळलावीबद्दलचं आपलं मत त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही, पण दोन वर्षांनी मुलीचं लग्न झालं तेव्हा पहिली पत्रिका घेऊन ते जाळीजवळून सरळ आत आले होते.

धुऱ्यावरची आग त्या वर्षीपासून बंद झाली. दोघा भावांनी दोन्ही बाजूंनी एकेक तास सोडून धुरा रुंद केला; आसपासच्या गावांत तसा रुंद धुरा दुसरा नाही. पोळ्याला काका-काकू गावी जात, आम्हीही बहुतेक वेळा बरोबर. गावातली पोरं काकांना विचारत की साहेब, भांडणाचं झाड ते हेच का, आणि काका म्हणत की हो, आम्ही दोघं भाऊ हिच्याजवळ बसून भांडलो, तुम्हीही भांडत जा, पण तोंडानं.

वकीलकाका गेले त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो आहोत, तरी आजही कोणी विचारलं की नागपुरात आधी कुठे राहायचा, तर मी पत्ता सांगत नाही, त्यांचे भाडेकरू होतो असं सांगते. जुन्या वस्तीतली माणसं लगेच ओळखतात, आणि मला बरं वाटतं.

गेल्या पोळ्याला काकूंना घेऊन मी गावी गेले. धुरा फुलला होता. धाकटे काका आता खूप थकले आहेत, काठी घेऊन चालतात. त्यांनी आम्हाला बांधाशी नेऊन एक गोष्ट सांगितली. महिन्यापूर्वी जडीबुटीच्या व्यापाऱ्याची माणसं टेम्पो घेऊन आली होती. आजूबाजूचे सगळे धुरे खोदून कळलावीचे कंद पोत्यांत भरून नेत होती. इथे इतका माल पाहून ती खूश झाली. त्यांनी विचारलं, बाबा, धुरा कोणाच्या मालकीचा?

"मी म्हटलं, इकडचं वावर माह्यं, तिकडचं माह्या भावाचं. धुरा दोघाईचा." ते काठीवर जरा ताठ झाले. "थे म्हणे, मंग खोदू का? मी म्हटलं, माह्यी तं ना हाये, पण मोठा थो हाये. आता त्याले विचारून या. थो हो म्हणला, तं खोदजा. त्याईनं विचारलं, थे कोठी भेटन? मी म्हटलं, मोठा वकील होता नागपूरचा. कोणालेही विचारा."

काकू हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. धाकटे काका टेम्पो गेला त्या रस्त्याकडे पाहत म्हणाले, "अजून नाही आले परत."